पांढऱ्या दातांची मार्गळी

चेन्नईत थंडी पडते असं म्हटलं की आमच्या नांदेडकडची माणसं हसतात. हसू देत. डिसेंबर उजाडला की इथले रिक्षावाले माकडटोप्या घालतात, दूध आणायला निघालेले आजोबा कानाभोवती मफलर गुंडाळतात, आणि पारा बाविसावर आला की आमच्या शेजारच्या मामी 'काय ही हवा' म्हणत खिडक्या लावून घेतात. पूर्वी मीही हसायचे. मग एका वर्षी ही थंडी माझ्या दातांना कळली आणि तेव्हापासून मी तिची चेष्टा करणं सोडलं.

तमिळ लोक या महिन्याला मार्गळी म्हणतात. आपल्या मार्गशीर्षाची ती बहीण, पण सूर्याच्या चालीनं चालणारी. डिसेंबरच्या मध्यावर येते आणि पोंगलला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, जाते. पहाटे देवळांचे कर्णे सुरू होतात. दारोदारी भल्यामोठ्या रांगोळ्या पडतात आणि त्यांच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं असतं. मी आता अण्णा नगरात राहते, इमारतीला लिफ्ट आहे, तरी खाली वॉचमनची बायको ते फूल खोचायला चुकत नाही. परवा सकाळी ते दिसलं आणि मी तिथेच उभी राहून तोंड उघडलं, पहाटेची हवा दातांवरून आत ओढली. काही झालं नाही. दरवर्षी मी हे करून बघते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं आहे. कितीतरी वर्षांत काही झालेलं नाही, तरी बघते, आणि दरवर्षी तेवढंच हायसं वाटतं.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील. मी सव्वीस वर्षांची होते, एका सॉफ्टवेअर कंपनीत होते, आणि त्या मार्गळीत माझं ठरलेलं लग्न मोडायच्या बेताला आलं होतं. कारण काय, तर मी बोलत नव्हते. आणि बोलत का नव्हते, तर दात. हे मी आज चार लोकांत हसत सांगते. तेव्हा सांगायची सोय नव्हती.

आमच्या गावात बोअरचं पाणी. त्या पाण्यात काहीतरी असतं, त्यानं लहानपणापासूनच दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. आईचे दात तसे, शेजारच्या काकूंचे तसे, शाळेतल्या गुरुजींचेही तसेच. सगळ्यांचेच तसे म्हटल्यावर त्यात वेगळं वाटण्यासारखं काय होतं? दात असेच असतात अशी माझी समजूत होती. औरंगाबादला कॉलेजात गेले आणि होस्टेलवरची एक मुलगी फोटो काढताना म्हणाली, "तू दात नको दाखवूस, अशीच छान दिसतेस." ती चांगल्या मनानं म्हणाली होती. पण त्या दिवसापासून मी ओठ मिटून हसायला शिकले, आणि शिकले ते इतकं पक्कं की पुढे विनोद कितीही भारी असला तरी माझे ओठ कुलूप घातल्यासारखे बंदच राहायचे.

ऑक्टोबरात श्रीधर आणि त्याच्या घरचे मला बघायला गावी आले होते. श्रीधर पुण्याचा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. मी पोहे दिले, ओठ मिटून हसले. त्याची आई म्हणाली, "मुलगी शांत आहे, मंद हसते." सगळ्यांना ते आवडलं. मला मात्र आपण डाग झाकून पातळ विकतोय असं वाटत राहिलं. लग्न एप्रिलात ठरलं. लग्नातले फोटो माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागले, आणि नोव्हेंबरच्या शेवटी मी अण्णा नगरातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन दात पांढरे करून घेतले.

कुणालाही सांगितलं नाही. श्रीधरला सांगायचं तर आधीचे दात कसे होते तेही सांगावं लागणार. त्याला कळलं की त्याच्या आईला कळणार, आणि दोन्ही घरच्या आयांचं आठवड्याला फोनवर बोलणं व्हायचं, म्हणजे तिथून माझ्या आईला. आणि खरी मेख तिथे होती. माझे दात म्हणजे आईचेच दात. दात बदलून घेतले असं आईला सांगायचं म्हणजे तिच्या तोंडावर सांगायचं की तुझ्यासारखं दिसायची मला लाज वाटते. हे मला कुणी मारून टाकलं असतं तरी तोंडातून काढता आलं नसतं.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी सगळं नीट समजावलं. ओठ ताणून धरणारी एक प्लॅस्टिकची चौकट, डोळ्यांवर चष्मा, हिरड्यांवर काहीतरी लेप, दातांवर जेल आणि वर निळा उजेड. मग आरसा. पट्टे पुसट होऊन पांढऱ्यात मिसळून गेले होते. मी आरशात ओठ उघडून बघितलं, मिटले, पुन्हा उघडले. कितीदा ते मोजलं नाही, पण बाहेर थांबलेल्या पेशंटला खोकावं लागलं. निघताना त्या म्हणाल्या, थोडे दिवस झिणझिण्या येतील, आठवड्यात जातील, आणि दोन दिवस फक्त पांढरं खा. पांढरंच खायचं असेल तर जगात चेन्नईसारखं गाव नाही. इडली, दहीभात, तांदळाच्या शेवयांचं इडिअप्पम, नारळाची चटणी. मी दोन दिवस मजेत काढले.

तिसऱ्या दिवशी कळ आली. ऑफिसात मी नेमकी एसीच्या झोताखाली बसायचे. कुणीतरी काहीतरी विचारलं, मी तोंड उघडलं, आणि वरच्या दातातून एक बारीक सणक उठली ती डोळ्यापर्यंत गेली. मग ती रोजची झाली. नळाचं पाणी, रिक्षातला वारा, सकाळची हवा, अगदी 'हो' म्हणताना आत जाते तेवढी हवासुद्धा. आठवडा गेला, दुसरा गेला. गंमत बघा, जन्मात पहिल्यांदा दाखवण्यासारखे दात मिळाले होते आणि तोंड उघडायची चोरी झाली होती.

श्रीधरचा फोन रविवारी सकाळी यायचा. मी तिरुवल्लिकेणीत सरोजाबाईंकडे पेइंग गेस्ट होते. त्यांच्या गच्चीवर रेंज चांगली मिळायची, आणि गच्चीवर समुद्राचा वारा. श्रीधर बिचारा आठवडाभराचं साठवून आणायचा. ऑफिसातले किस्से, कुठला हॉल बघितला, लग्नात बँड नको असं तो म्हणतोय पण काका ऐकत नाहीत. मी दुपट्टा तोंडावर धरून म्हणायची, "हं." तो विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणायची, "चालेल." एका वाक्याला एक कळ. मोठं वाक्य म्हणजे मोठी कळ. मी सगळी छोटी वाक्यं निवडून ठेवली होती: हं, हो, बरं, ठेवू? डिसेंबरच्या अखेरीस तोही तेवढीच वापरायला लागला.

सरोजाबाईंबद्दल सांगायला हवं. साठी उलटलेल्या, विधवा, तंजावरच्या मराठ्यांपैकी. तीनशे वर्षांमागे त्यांचे कुणी पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी ऐकताना मला आमच्या गावातली फार म्हातारी माणसं आठवायची, फक्त चाल तमिळ. 'झालं'ला त्या 'जालं' म्हणायच्या आणि प्रश्नाच्या शेवटी 'का'ऐवजी 'की' लावायच्या. माझी मराठी त्यांना उद्धट वाटे. "तुम्ही लोक भांडल्यासारखं बोलतां," असं त्या म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

त्यांच्या घरात कुणी पेल्याला ओठ लावत नसे. पाणी वरून, ताक वरून, आणि कॉफीसुद्धा वरून. पितळेच्या फिल्टरमधून उतरलेला काळा अर्क, वर उकळतं दूध, पेल्यातून पसरट वाटीत आणि वाटीतून पेल्यात अशी फेसाळून सोसवेल इतपत निववायची, आणि मग मान मागे टाकून धार सोडायची. मला ते जमत नसे. मी ओठ लावून प्यायची, म्हणून सरोजाबाईंनी माझा पेला वेगळ्या खुंटीवर ठेवला होता. बोलल्या काहीच नाहीत. पेला मात्र वेगळा.

एक दिवस कॉफी पार थंड होऊन वर साय धरली तरी मी हातात घेऊन बसले होते. गरम घेतली तर कळ, गार घेतली तरी कळ.

"अय्यो, कॉफी अशी पाणी करून पितात की? काय जालं तुला?"

"दात ठणकतात."

"मग दांताला लावतेस कशाला? कॉफी घशांत जायची वस्तू आहे. दांताचं काय काम तिथं?"

त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. आधी पाण्यावर. मान किती मागे, धार किती बारीक, श्वास कुठे धरायचा. पहिल्या दिवशी कुडता भिजला, दुसऱ्या दिवशी नाकात गेलं, तिसऱ्या दिवशी ठसका लागला तेव्हा त्या पाठीवर थापटत तमिळमधून माझ्या आईबापांच्या वळणाबद्दल काहीतरी बोलल्या. पाचव्या दिवशी कॉफीची धार दातांना वळसा घालून थेट घशात उतरली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा गरम कॉफी. माझ्या डोळ्यांत अक्षरशः पाणी आलं. त्या संध्याकाळी पाहिलं तर माझा पेला बाकीच्या पेल्यांच्या रांगेत होता.

पण दात काही बरे होत नव्हते. याचं कारण माझ्याच कपाटात होतं, आणि मला ते औषध वाटत होतं.

आई दरवर्षी दिवाळीनंतर राखुंडी करते. गोवऱ्यांची राख, मीठ, तुरटी, लवंग, थोडा कापूर, सगळं कुटून वस्त्रगाळ करायचं. वस्त्रगाळ म्हणजे आमच्या आईच्या वस्त्रातून गाळलेलं, त्यातून बारीक खडेही सहज गळतात. दरवर्षी ती माझ्यासाठी एक बाटली भरून पाठवायची आणि मी ती कपाटात ठेवून टूथपेस्टनं दात घासायची. दात पांढरे करून आल्यावर मात्र त्या बाटलीकडे बघवेना. आपण आईशी काहीतरी वाईट वागलोय, असं सारखं वाटायचं. म्हणून मी राखुंडी काढली. पहिल्याच दिवशी लवंगेनं दात जरा बधिर झाले, कळ थांबली. मला वाटलं, बघ, शेवटी आईचंच कामाला आलं. मग सकाळी, ऑफिसातून आल्यावर, झोपताना. बोटानं, अगदी जोर लावून. थोड्या वेळानं कळ परत यायची, मग मी आणखी घासायची. प्रायश्चित्त घ्यायचं तर अंगचोरी कशाला, असा एकूण बाणा होता.

जानेवारी लागला आणि आईचा फोन आला. "अगं, त्यांच्या आईचा फोन आलता. पोरगी बोलतच न्हाई म्हणायल्यात. जबरदस्तीनं तर केलं न्हाई ना, म्हणून इचारायल्यात. तुझ्या मनात काय हाय ते एकदाचं सांग बाई."

"काही नाही. आहे तेच आहे."

"मग बोल की त्याच्याशी. मुकी हाईस का तू?"

मी "हं" म्हणाले आणि ते 'हं' ऐकून आईही घाबरली असणार. पोंगलच्या सुट्टीत श्रीधर येतोय, तोच काय ते विचारणार आहे, एवढं सांगून तिनं फोन ठेवला. मी गच्चीवरच बसून राहिले. तो मला आवडला होता. तो फोनवर काकांची नक्कल करायचा तेव्हा मला खदाखदा हसायचं असायचं आणि मी दुपट्ट्यात दात दाबून धरायची. तो माणूस आता लग्न मोडायचं का हे विचारायला रेल्वेत बसणार होता, आणि हे सगळं माझ्यामुळे होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आरसा आत घातला, बघितलं, पुन्हा बघितलं आणि विचारलं, दात कशानं घासता? मी मोठ्या अभिमानानं राखुंडीचं सगळं वर्णन केलं. गोवरी त्यांना हातवारे करून सांगावी लागली. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मॅडम, आम्ही घरी याच्यानं समई घासतो." पांढरे केलेले दात नाजूक झालेले असतात, त्यांच्यावर मी दीड महिना दिवसातून तीनदा राख रगडत होते. आठवड्यात जाणारी कळ मीच रोज ताजी करत होते. त्यांनी मऊ ब्रश दिला, एक पेस्ट दिली. ती बोटानं दातांना लावून तशीच ठेवायची, घासायचं नाही. खूप काही बिघडलेलं नाही, महिनाभरात सगळं जाईल, असंही म्हणाल्या. मला आयुष्यभर अशीच कळ राहणार असं वाटत होतं. पायऱ्या उतरताना माझे पाय हलके झाले होते.

पोंगलपर्यंत निम्मी कळ गेली होती. भोगीच्या पहाटे गल्लीत जुन्या चटया-टोपल्या जाळल्या, त्याचा धूर दुसऱ्या दिवशी, पोंगललाही हवेत होता. श्रीधर सकाळीच आला. सरोजाबाईंनी त्याला गूळभाताचा गोड पोंगल खायला घातला, त्याचं गोत्र विचारलं, तो पेल्याला ओठ न लावता पाणी प्यायला तेव्हा माझ्याकडे बघून मान डोलावली. मग आम्ही समुद्रावर गेलो. आठ वाजले होते, माणसं अजून थोडीच होती. वारा मात्र सुटला होता. मी दुपट्टा नाकापर्यंत घेतला.

श्रीधरनं खिशातून एक पुडी काढली. "आईनं दिलाय. तिळगूळ घ्या, गोड बोला."

आमच्याकडची ती चिक्कीच्या गुळाची, दगडासारखी वडी. मी ती हातात घेतली. गोड, कडक आणि वरून वारा. माझी छाती झाली नाही. "नंतर खाते," म्हणाले.

तो थांबला. "तिळगूळ नंतर खाते असं कुणी म्हणतं का हो?" मग वाळूकडे बघत म्हणाला, "हे बघा, तुम्हाला नको असेल तर मोकळेपणानं सांगा. मी घरी माझ्याकडून मोडलं असं सांगेन. तुमच्यावर काही येऊ देणार नाही."

लग्न मोडतानाही हा माणूस माझीच काळजी करत होता. मी दुपट्टा खाली केला. "नको असं नाही. दात दुखतात," म्हणाले, आणि मग सगळं सांगत सुटले. बोअरचं पाणी, होस्टेलवरचा फोटो, पोहे देताना मिटलेले ओठ, निळा उजेड, राखुंडी. वारा सरळ तोंडात येत होता, कळा येत होत्या आणि मी थांबत नव्हते. दीड महिन्याचं साठलेलं होतं. श्रीधर आधी उभा होता, मग वाळूत बसला.

"म्हणजे ते 'हं'... ते दातांमुळे होतं?"

"हो."

"'चालेल' पण?"

"तेही."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. "अहो, मी ऑफिसातल्या एकाला विचारलं, मी फोनवर फार कंटाळवाणा वाटतो का. तो म्हणाला, हो." मग मात्र मला आवरलं नाही. मी हसले, वर्षांनुवर्षं हसले नव्हते तशी, तोंड उघडून, वाऱ्यात, कळ डोळ्यापर्यंत जात होती आणि हसू थांबत नव्हतं. फुगेवाला बघत उभा राहिला.

"आईला सांगतो लगेच," श्रीधर मोबाइल काढत म्हणाला. "तिला झोप नाही लागलेली."

"नको. तुमच्या आईंकडून माझ्या आईला कळेल."

"मग आधी तू सांग." पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला. दोघांच्याही लक्षात आलं.

मी गावी फोन लावला. संक्रांतीचा दिवस, मागे बायकांचा गलबला ऐकू येत होता. लग्न मोडलं नाही, हे आधी सांगितलं. मग कारण सांगितलं. नोव्हेंबरात मी दात पांढरे करून घेतले आई, तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. पलीकडे आवाज थांबला. दार लावल्याचं ऐकू आलं. आई फोनची वायर ओढत आतल्या खोलीत गेली होती. मी डोळे मिटून वाट बघत राहिले. ती रडली असती तरी चाललं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"पट्टे जातात का गं खरंच?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक, कुणी ऐकू नये असा.

"पुसट होतात. दिसत नाहीत मग."

"लई दुखतंय का?"

"राख नाही घासली तर नाही दुखत."

मग ती आणखी हळू म्हणाली, "माझे व्हत्याल का गं या वयात? लग्नाला तीन महिने हायेत की अजून."